त्रुटीवाला प्रल्हाद

दोन हजार चोवीस साल. मी बहात्तर वर्षांचा. नातीच्या लग्नाची पत्रिका शेजारच्या प्रल्हादला दिली, तर पठ्ठ्यानं ती संध्याकाळी परत आणली. वर लाल पेनानं लिहिलेलं : 'वार आणि तारीख जुळत नाही. त्रुटी दूर करून फेरसादर करा.'

खामगावात आमच्या भिंतीला लागून याची खोली. एका डॉक्टरच्या दवाखान्याची विम्याची बिलं हा बनवायचा. पेशंटचे कागद जोडायचे, कंपनीला पाठवायचे, मंजूर करून आणायचे. माणसाचं नाव याच्या ध्यानात राहत नसे. भररस्त्यात ओरडे, "काय मुतखडा, बरं हाय ना?" पोरगी पाहायला गेला तर चहाच्या आधी तिचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. एकटाच राहिला, यात नवल काय!

मी चौथी शिकलो, पण एवढा शहाणपणा मला झेपला नसता.

डॉक्टरनं याची आठ महिन्यांची मजुरी बुडवली. हा कोर्टात गेला. वकील म्हणे करारनामा दाखवा. करारनामा डॉक्टरपाशीच! डॉक्टरनं तीनदा सही करून दिला, यानंच तीनदा परत पाठवला. एकदा पिनकोड चुकला, एकदा शाई काळी, एकदा सही रेघेबाहेर. चौथ्यांदा डॉक्टरनं तो दिलाच नाही.

"मंग काम काऊन करत राह्यला बे?"

"कागद दुरुस्तीत होता ना, काका!"

आता डॉक्टर कोर्टात सांगे, करार नाही, अन् त्या आठ महिन्यांत यानं काडीचं काम केलं नाही. एखाद्या पेशंटनं साक्ष दिली तरच प्रल्हाद वाचणार. पण उद्या पोट दुखलं तर त्याच डॉक्टरकडं जायचं. सगळे गप. मीही तोंडावर सांगितलं, "मले या भानगडीत घेऊ नको."

एका संध्याकाळी तो ओट्यावर फाइल पसरून बसला होता. वाऱ्यानं एक गठ्ठा माझ्या अंगणात आला. उचलला, तर आमच्या बुढीचं, माझ्या बायकोचं, नाव. तिच्या पित्ताच्या ऑपरेशनचं बिल. मी काउंटरवर हात आपटला म्हणून ते पास झालं, असं मी गल्लीभर सांगितलं होतं. कागद वेगळंच सांगत होते. आधार कार्डावर बुढी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. वयाच्या या घोळानं बिल दोनदा नामंजूर. मग तिच्या माहेरच्या, दुसरबीडच्या शाळेतून जन्मतारखेचा दाखला आणलेला. मागं एसटीची तिकिटं टाचलेली. सगळं त्याच आठ महिन्यांतलं.

"मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगाचं काय त्यात? बिल मंजूर झाल्याबिगर डॉक्टर काकूले सोडत नव्हता. अन् तुम्ही रोज गेटपाशी डबा घेऊन उभे." गठ्ठा सरळ करत तो हळूच म्हणाला, "कोणी वाट पाह्यत असलं, तर मानसानं घरी जावं."

घरात आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आधार, रेशनकार्ड अन् दोन फोटो घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो. "लिही माहं नाव. साक्षीदार."

त्यानं फोटो उजेडात धरला. "जुना हाय काका. यात तुमचे दात हायेत."

शिवी ओठावर आली होती. ती गिळली, टोपी नीट केली, अन् फोटो स्टुडिओचं शटर उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिलो.