डाव्या पायाचं निदान

डॉक्टरांचं निदान कधी चुकत नसे. हे स्वतः डॉक्टरच सांगत, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. पेशंट जिना चढायला लागला की त्याच्या खोकल्यावरून ते औषध ठरवून मोकळे होत. पेशंटने वर येऊन "खोकणारा मी नाही, तो वरच्या मजल्यावर गेला" असं सांगितलं, तरी औषध बदलत नसे.

अशा माणसाच्या घरात गाडी मधेच बंद पडायला लागली, आणि तीही फक्त बायकोच्या हातात.

बाईंना शहराबाहेरच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली होती. तिथवर बस जात नव्हती. शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हा, नाहीतर आम्ही दुसरं कुणी बघतो, असं मुख्याध्यापिकेने अगदी गोड आवाजात बजावलं होतं. म्हणजे त्याच्या आत लायसन्स हातात हवं. बाईंनी दोनदा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा एकाच जागी घोडं अडलं. परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसत, उकडतंय म्हणून एसी लावायला सांगत आणि मग म्हणत, "आता रिव्हर्स घेऊन त्या चौकटीत लावा." बाई गाडी थांबवून स्टिअरिंग वळवायच्या, की इंजिन एक आचका देऊन गप्प. साहेबही गप्प, आणि कागदावर फुली.

"अहो, मी काही करतच नव्हते," बाईंनी घरी आल्यावर सांगितलं. "गाडी न्यूट्रलला होती. एसी चालू होता. स्टिअरिंग पुरतं फिरवलं आणि गेलं इंजिन."

"पेशंट असंच सांगतात," डॉक्टर म्हणाले. "तू क्लच झटकन सोडतेस. दोष तुझ्या डाव्या घोट्यात आहे."

"न्यूट्रलमध्ये क्लचचा काय संबंध?"

"ते घोट्याला कुठे कळतंय?"

आणि पुरावा म्हणून ते स्वतः गाडी घेऊन चौकापर्यंत जाऊन आले. सिग्नलला थांबले, वळले, परत आले. गाडी एकदाही बंद पडली नाही. आता डॉक्टर एसी कधी लावत नसत. मोकळी हवा फुप्फुसांना बरी म्हणून चारही काचा खाली. शिवाय सिग्नलला उभं असताना उजव्या पायाने अॅक्सिलरेटर हलकेच दाबत राहायची त्यांना सवय होती. पण या गोष्टी त्यांना सांगण्यासारख्या वाटल्या नाहीत, कारण निदान आधीच झालं होतं.

उपचार त्याच संध्याकाळी सुरू झाले. डाव्या पायाला घोट्यापासून पोटरीपर्यंत क्रेप बँडेज आणि सकाळ-संध्याकाळ पंजा वर-खाली करायचा व्यायाम. बाईंनी वाद घातला नाही. वाद घातला की डॉक्टर औषधाचा डोस वाढवतात, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

बँडेज पहिल्यांदा सासूबाईंना दिसलं. "अगं, पडलीस कुठे? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"पडले नाही, आई. गाडी बंद पडते म्हणून बांधलंय."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि स्वयंपाकघर आपल्या ताब्यात घेतलं. दुपारी त्यांनी शेजारच्या काकूंना हळूच सांगितलं की पाय मुरगळलाय आणि बोलणंही जरा असंबद्ध आहे. काकूंकडून बातमी निघाली ती वाटेत धष्टपुष्ट होत गेली. खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत पाय दोन ठिकाणी मोडला होता. संध्याकाळी काकू स्वतः आल्या, यजमानांची जुनी काठी घेऊन. "राहू दे तुझ्याकडे. त्यांना आता लागत नाही, ते झोपूनच असतात." बाईंनी काठी ठेवून घेतली. नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती.

इथवर प्रकरण घरातच होतं. ते बाहेर नेलं खुद्द डॉक्टरांनी. तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ते परीक्षेवाले साहेबच रक्तदाब दाखवायला दवाखान्यात आले. दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता डॉक्टर खुशीत म्हणाले, "उद्या आमची मंडळी येणार आहेत तुमच्याकडे. या वेळी गाडी बंद पडणार नाही. पायाचा दोष होता, मी तो आणलाय काबूत."

"पायाचा दोष?" साहेबांचा रक्तदाब डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत चढला. "कोणता पाय?"

"डावा. क्लचचा."

"आणि मला आत्ता सांगताय? दोन वेळा बसलो हो मी त्यांच्या शेजारी. डॉक्टर, पायाचा त्रास असेल तर पाय ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट लागेल. त्याशिवाय मी गाडीत पाऊल ठेवणार नाही. मलाही घरदार आहे."

"सर्टिफिकेट कुणाचं?"

"डॉक्टरांचं. आणखी कुणाचं?"

दुपारी जेवताना डॉक्टरांनी हे घरी सांगितलं. सांगताना आवाज नेहमीपेक्षा जरा खाली होता. बाईंनी ताट बाजूला सारलं, आतून लेटरहेड आणि पेन आणलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"लिहा."

"अगं, पण उपचार अजून पुरे झाले नाहीत. मी डॉक्टर आहे. खोटं कसं लिहू?"

"खोटं नका लिहू. पाय तपासा आणि दिसेल ते लिहा. पण मला ही नोकरी हवी आहे. मी वर्षानुवर्षं घरातल्या घरात शिकवण्या केल्या. आता मला फळा हवाय, वर्ग हवाय. शाळा पुढच्या आठवड्यात उघडतेय. तुम्ही लिहिता, का मी समोरच्या दवाखान्यात जाऊ?"

समोरचा दवाखाना नवा होता. तिथला डॉक्टर वयाने लहान होता, हसून बोलायचा आणि पेशंटचं सगळं ऐकून घ्यायचा. डॉक्टरांना त्याच्याबद्दल दुसरी कुठलीही तक्रार नव्हती. त्यांनी पेन उचललं. बँडेज सोडलं, घोटा सगळीकडे वळवून पाहिला, तळपायावर हातोडीही मारली. मग सुस्कारा टाकून लिहिलं की डावा पाय पूर्णपणे निरोगी असून सर्व हालचाली उत्तम आहेत. खाली झोकदार सही.

बाईंनी कागद हातात घेऊन शाई वाळेपर्यंत वाचला. "पाय निरोगी. सही तुमची. तरी गाडी बंद पडते. मग दोष कशात उरला?"

वर्गात पुढच्या बाकावर बसवल्यासारखे डॉक्टर क्षणभर अंग चोरून बसले. पण क्षणभरच. "गाडीत," ते म्हणाले. "मला शंका होतीच."

रविवार होता, गॅरेज बंद होतं. म्हणून केस डॉक्टरांनी स्वतःच हाती घेतली. ते स्टिअरिंगवर बसले, बाई शेजारी. इंजिन चालू झालं आणि शांतपणे गुरगुरायला लागलं.

"एसी लावा," बाई म्हणाल्या. त्यांनी लावला. इंजिन किंचित दबलं. "दिवे लावा." आणखी दबलं. "आता स्टिअरिंग फिरवा." फिरवलं. तरी इंजिन चालूच.

"बघ," डॉक्टर म्हणाले.

"उजवा पाय उचला."

"कशाला?"

"अॅक्सिलरेटरवर आहे तो. उचला."

त्यांनी पाय उचलला. इंजिन थरथरलं, सगळी गाडी एकदा हलली आणि सारं शांत झालं. वरच्या गॅलरीत सासूबाई आणि काकू उभ्या होत्या, त्याही शांत झाल्या.

"म्हणजे पायच तपासायचा होता," बाई म्हणाल्या, "तर तो तुमचा."

कुणी दुसरा असता तर खजील झाला असता. डॉक्टर उलट खुलले. असा पेशंट त्यांना रोज भेटत होता. बसल्या जागी ठीक, पण जिना चढायला लावला की धाप लागते. एसी, दिवे, स्टिअरिंग हे सगळे जिनेच. ओझं वाढलं की इंजिनला जास्त हवा लागणार, आणि ती मिळत नसणार. "श्वासनलिका चोंदली आहे," त्यांनी जाहीर केलं आणि बॉनेट उघडलं. बॉनेटला टेकू द्यायची सळी कधीच तुटली होती, तिथे काकूंच्या यजमानांची काठी लावली. बाईंनी हातातल्या बॅटरीचा उजेड धरला. डॉक्टरांनी हवेचा जाड नळा सोडवला, तर आत इंजिनच्या तोंडाशी एक गोल झडप, आणि तिच्या कडांवर काळी चिकट काजळी बोटभर साचलेली.

"किती दिवस सांगत होते मी," बाई म्हणाल्या.

"हं. मोठं तोंड कर," डॉक्टर म्हणाले. ते झडपेला म्हणत होते. दवाखान्यातलं स्पिरिट आणि कापसाचे बोळे वापरून त्यांनी ती झडप आणि तिच्या बगलेतली बारीक वाट अशी लख्ख केली की आतला धातू चमकायला लागला. नळा जोडला, इंजिन चालू केलं. एसी, दिवे, वायपर, मागच्या काचेचा हीटर, जे जे होतं ते लावलं, स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं आणि दोन्ही पाय सीटवर मांडी घालून वर घेतले. इंजिन जरासं वाकलं, सावरलं आणि एका लयीत चालत राहिलं. गॅलरीतून काकूंनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंना अजून काही उमगलं नव्हतं, पण मुलगा बरोबर ठरलाय एवढं कळलं आणि त्यांना ते नेहमीचंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सर्टिफिकेट दोनदा वाचलं, सीटचा पट्टा आवळून बांधला आणि एसी लावायला सांगितला. बाईंनी गाडी थांबवली, स्टिअरिंग पुरतं वळवलं, आणि रिव्हर्स घेऊन अलगद चौकटीत नेऊन ठेवली. साहेबांनी कागदावर सही केली. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. डॉक्टर मात्र आजूबाजूच्या लोकांना श्वासनलिकेबद्दल समजावून सांगत होते.

शाळा उघडली त्या सकाळी बाई लवकर निघाल्या. थोड्या वेळाने डॉक्टरांना फोन आला. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या पेशंटला दम लागला होता, घरी बोलावलं होतं. डॉक्टर बॅग घेऊन तडफेने खाली उतरले आणि रिकाम्या जागेसमोर उभे राहिले. घरात गाडी एकच होती. इतक्या दिवसांच्या निदानात, उपचारात आणि शस्त्रक्रियेत ही गोष्ट कुणाच्याही, निदान डॉक्टरांच्या तरी, ध्यानात आली नव्हती.

मग त्यांना चौकातल्या सिग्नलला गाडी दिसली. बाई पेट्रोल भरून परतल्या असाव्यात. डॉक्टर बॅग सांभाळत धावत सुटले. लाल दिवा होता, काचा बंद होत्या, म्हणजे आत एसी चालू. वळायचा दिवा लुकलुकत होता, चाकं पुरती वळलेली होती. त्यांनी हाका मारल्या, पण काचेतून आत काही गेलं नाही. डॉक्टर धापा टाकत पळत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मनापासून इच्छा केली की आपलं निदान चुकलेलं असावं, आणि ते इंजिन आत्ता, या क्षणी, बंद पडावं.

इंजिन एका लयीत चालत राहिलं. दिवा हिरवा झाला आणि बाई सफाईदार वळण घेऊन निघून गेल्या.

डॉक्टर थोडा वेळ कठड्याला टेकून दम खात उभे राहिले. मग बॅग उचलून चालायला लागले. निदान अचूक होतं, त्याबद्दल वादच नव्हता.