मिठापुरतं

शिंपीणबाई शिवणयंत्रावरून उठल्या, खिडकीशी गेल्या, परत बसल्या, परत उठल्या. अंग घामाने चिंब. छातीत धडधड.

"पंखा वाढवू?" नवऱ्याने विचारलं.

"वाढवा. नको, बंद करा. आधी तुम्ही समोरून बाजूला व्हा!"

तो बाजूला झाला, पण जिवाला चैन पडेना. बाईंची थोरली बहीण याच वयात 'घाम येतोय' म्हणता म्हणता गेली होती. त्याने बायकोला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"पाळी थांबताना हार्मोन्स डळमळतात. घाम, धडधड त्याचीही असेल," त्या म्हणाल्या. "पण याच सुमारास बायकांचं कोलेस्टेरॉल चढतं, हृदयाला धोका होतो. त्यात बहिणीचं असं झालेलं. अंगावर काढू नका. हृदयाचा आलेख आत्ता काढू, सकाळी उपाशीपोटी रक्त द्या."

आलेख ठीक निघाला. राहिलं रक्त. उपाशी राहणं तर बाईंच्या हातचा मळ!

सकाळी रक्त घेणाऱ्या मुलीने सुई काढली. "काही खाल्लं नाही ना?"

"छे गं! भाजीचं मीठ तेवढं बघितलं."

"म्हणजे खाल्लं."

"चमचाभर! त्याला काय खाणं म्हणतात?"

सुई परत गेली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बाई दारात येरझारा घालत होत्या. "गॅस बारीक करा! अहो, करपलं!" निघताना तो चपला घालायला वळला, तेवढ्यात आतून खरवडल्याचा आवाज.

"काय करतेयस?"

"पातेल्याला साय राहिली होती. वाया जाईल."

"अगं, रक्त द्यायचंय ना!"

"ते उद्याही असेलच की."

मग मात्र त्याने स्वयंपाकघराला कुलूप लावलं. सगळं घर उपाशी राहिलं, तेव्हा कुठे रक्त निघालं. कोलेस्टेरॉल भरभक्कम!

"घरात साय, तळलेलं कोण खातं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ही दोघं बापलेकी. मी नाही हो!"

"लेक ताटात टाकते ते?"

"ते मी संपवते."

"यांच्या ताटातलं?"

"मग काय फेकून देऊ? अन्न आहे ते!"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे जेवायला बसतो आम्ही, आणि जेवते ही!"

"औषध सुरू करू," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण यापुढे ज्याचं ताट, त्यानेच संपवायचं."

घरी जेवताना तळलेले बटाटे उरले. नवरा सवयीने ताट सारून उठला.

"बसा," शिंपीणबाई म्हणाल्या.

तो बसला. लेकीने आपलेही बटाटे हळूच बाबांच्या ताटात सरकवले. पातेल्याची साय बाईंनी वर वाढली. शेवटच्या घासाला त्याला दरदरून घाम फुटला.

"पंखा वाढवू?" बाईंनी विचारलं.