विजारीखालचे पोपट

निघायला तासभर उरला होता आणि निवृत्त स्टेशनमास्तर न्हाणीघराला आतून कडी लावून आपल्याच विजारीशी झटापट करत होते. आत पोपट छापलेली अर्धी चड्डी, तिच्यावर सुटाची विजार. विजार शिंप्याकडून कमरेत दोन बोटं सैल करून घेतली होती, तरी पोपट मांडीपाशी गोळा होत होते.

"अहो, बरं वाटतंय ना?" बाहेरून बायकोने विचारलं.

"झालंच!" मास्तरांनी पट्टा आवळला.

चड्डी लेकीने पाठवली होती. "बाबा, समुद्रकाठी सूट घालून फिरलात तर लोक तुम्हाला मॅनेजर समजून टॉवेल मागतील," असं तिने फोनवर बजावलं होतं. "आणि आईला आत्ता सांगू नका, नाहीतर दोघं मिळून परत पाठवाल." मास्तरांना हे पटलं होतं, पण अर्धंच. सहलीला निघालेलं माणूस इस्त्री मोडेल म्हणून बाकावरही टेकत नसे, असा काळ त्यांनी फलाटावरून पाहिला होता. त्याच फलाटावर एक मुलगी काळ्या कोटातल्या मास्तरांकडे गाडीची चौकशी करून गेली होती आणि पुढे लग्नाला होकार देताना म्हणाली होती, "कोटात माणूस शोभतो." ते वाक्य मास्तरांनी जन्मभर अंगावर वागवलं. आता या वयात त्याच मुलीसमोर पोपट घेऊन उभं राहायचं? कोट उतरला की आपल्यात उरतं काय, याची त्यांना खरोखर भीती वाटत होती. म्हणून बेत असा ठरला, की तिथे पोचून अंदाज घ्यायचा आणि मगच विजार उतरवायची.

बायको खोलीतून आली ती गळ्यापासून घोट्यापर्यंत बटणं लावलेल्या लांब कोटात. बाहेर सकाळपासूनच ऊन रणरणत होतं.

"अगं, एवढ्या उन्हात?"

"विमानात गारठा असतो म्हणे," ती म्हणाली आणि समोरच असलेलं कुलूप शोधायला लागली.

मास्तर मनात म्हणाले, हिने एवढा थाट केलाय म्हणजे चड्डीचा विषयच संपला.

विमानतळावर त्यांचे डोळे पांढरे झाले. कुणी गळ्यात उशी अडकवलेली, कुणी झोपायच्या कपड्यांत, आणि एक गृहस्थ तर चक्क घरातल्या सपाता फटफटवत चाललेले.

"हे घरून निघालेत की अंथरुणातून?" मास्तर पुटपुटले. तेवढ्यात तिघांनी सूट बघून त्यांना गेट कुठलं ते विचारलं आणि मास्तरांनी सवयीने सांगूनही टाकलं.

तपासणीचं यंत्र मात्र त्यांना बघून किंचाळलं.

"काका, पट्टा काढा," शिपाई म्हणाला.

"पट्टा न काढता नाही का भागणार?"

"पट्ट्याशिवायच भागणार आहे. काढा."

"आटपा हो, आमचं विमान सुटेल!" मागून कुणीतरी ओरडलं. गाड्या वेळेवर सोडण्यात जन्म घालवलेल्या माणसाला हे ऐकवेना. त्यांनी पट्टा काढला आणि एका हाताने विजार धरून ठेवली.

"हात वर."

"एक चालेल?"

"दोन्ही, काका."

मास्तरांनी डोळे मिटले आणि हात वर केले. विजार सरळ घोट्यांपर्यंत गेली. रांगेत कुणीतरी शिट्टी मारली. शिट्टी मास्तरांना नवी नव्हती, पण ही गाडीची नव्हती. घाबरून ते विजारीतून बाहेर आले आणि शिपायाने ती उचलून ट्रेमध्ये टाकली.

डोळे उघडले तर समोर बायको. ती हसत नव्हती, पांढरीफटक पडली होती.

"आजी, तुमचाही कोट काढा," तपासणीची बाई म्हणाली.

"मी नाही काढणार."

"काढावाच लागतो, आजी."

"काढ गं," मास्तर पोपटांसकट म्हणाले. "माझ्याइतकी तर तुझी शोभा होणार नाही ना?"

तिने बटणं सोडली. कोटाखाली गुडघ्यापर्यंतची पिवळी पॅन्ट होती. तिच्यावर अननस.

"लेकीने पाठवली," ती रडवेली होऊन म्हणाली. "तुम्हाला सांगू नको म्हणाली. तुमच्या सुटाशेजारी हे ध्यान कसं दिसेल, म्हणून वरून कोट चढवला."

"मलाही तिनेच..."

"ओ पोपट, ओ अननस, पुढे सरका!" रांगेतून आवाज आला, तसे दोघं सामान उचलून पळत सुटले.

विमान ढगात गेल्यावर मास्तरांनी मांडीवर पाहिलं. पट्टा होता. विजार ट्रेमध्येच राहिली होती.

"राहू दे," बायको म्हणाली. "तिथे कोण विचारतंय?"

विचारलं, आणि त्याच संध्याकाळी. हॉटेलच्या जेवणघराच्या दारात द्वारपालाने नम्रपणे हात आडवा केला. "सर, आज 'जुन्या काळचा प्रवास' अशी खास संध्याकाळ आहे. पुरुषांना कोट, टाय आणि पूर्ण विजार सक्तीची."

आत सकाळचे सपातावाले गृहस्थ भाड्याच्या कोटात ताठ बसले होते. मास्तरांच्या अंगात स्वतःचा कोट होता, टायही होता. बॅगेत लेकीनेच पाठवलेल्या आणखी दोन चड्ड्या आणि एक झोपायचा पायजमा, एवढंच होतं.

"तू जा आत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी खोलीतच जेवतो. सकाळी चारचौघांत लाज काढली, आता तुला उपाशी नको ठेवायला."

बायकोने हातावरचा लांब कोट त्यांच्या खांद्यांवर घातला आणि गळ्यापासून एकेक बटण लावत घोट्यापर्यंत आली. पोपट दिसेनासे झाले.

"वा, सर! अगदी अस्सल," द्वारपाल बाजूला झाला. "बाईंना काहीही चालतं."

"कोटातच शोभतो ना मी?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"तेव्हा माझी गाडी सुटत होती," ती उठत म्हणाली. "नीट बघितलंच नव्हतं. पोपट छान दिसतात तुम्हाला."

मास्तर घामाने थबथबले होते. टेबलाशी बसल्याबरोबर त्यांनी खालची चार बटणं सोडून टाकली.