माशाचं पुरण

जगाच्या पाठीवरचं कोणतंही गाणं सांगा, अमळनेरच्या पितांबरनानांची क्लॅरिनेट ते वाजवणारच! निदान नानांचं तरी असं म्हणणं होतं. डीजेनं बँडच्या निम्म्या सुपाऱ्या पळवल्या, तरी ऐट तसूभर कमी नव्हती.

म्हणून पिंप्राळ्याचे तोतारामआबा थोरल्या मुलाच्या लग्नाचं बोलताना जेव्हा म्हणाले, "तेजसना लगनले डीजेच लावू, त्याना जपानी सायेब येणार शे," तेव्हा नाना उसळलेच.

"आबा, जपानात सगळ्यात जास्त खपलेलं गाणं वाजवतो! सायेब नाचला नाही, तर क्लॅरिनेट कायमची खुंटीला!"

बोलून तर बसले; पण ते गाणं कोणतं? मुलगी भूमिकानं मोबाईलवर शोधलं.

"नाना, पन्नास वर्षांपूर्वीची रेकॉर्ड आहे. लाखोंनी खपलेली. लहान मुलांचं गाणं, माशावर!"

"मासा?"

"खरा नाही हो! माशाच्या आकाराची पोळी, आत गोड पुरण."

"मग हा तर आपला मांडाच की गं!" नाना हरखले. आठ दिवस त्या सुरांनी त्यांनी घरादाराला भाजून काढलं.

लग्नाच्या दिवशी मिरवणूक मांडवाशी आली, आत पहिली पंगत बसलेली, आणि नानांना राहवेना. माईक हिसकावून ते गरजले, "आता खास जपानी पाहुण्यांसाठी, पुरणाच्या माशाचं गाणं!"

झालं! माईक खरखरणारा, त्यात नवरीकडची मंडळी माळकरी. पंगतीत पोचेपर्यंत त्याचं झालं 'माशाचं पुरण'! नवरीची आत्या भिकुबाई ताटावरून ताडकन उठल्या.

"अय माय! मांडामा मासा शे!"

"बठ्ठामा शे!" सगळ्या ताटांकडे बोट दाखवत कुणीतरी भर घातली. अख्खी पंगत उठली.

इकडे गाणं सुरू झालं आणि साहेब जागीच थबकला. नाचणं दूरच, चष्मा काढून डोळे पुसायला लागला.

"अहो नाना, सायेब तं रडी रहायना!" आबा कडाडले. चाळीस वर्षांची क्लॅरिनेट नानांना खुंटीवर दिसायला लागली.

तेवढ्यात तेजस धावत आला. "नाना, ते म्हणतात, हे गाणं त्यांची आई म्हणायची. अन् विचारतात, तुम्ही म्हणालात ते पुरण कुठंय?"

साहेबाला पंगतीत बसवलं. त्यानं डोळे मिटून एक मांडा संपवला, दुसरा मागितला.

"बघा! जपानी माणूस मिटक्या मारस, म्हणजे मासाच शे!" भिकुबाई ओरडल्या.

आता नवरदेवाची आई कुंदाबाई पुढे आल्या. पहाटेपासून दोन्ही हातांवर मांडे पसरून खापरावर भाजताना त्यांचे हात पोळले होते. एक मांडा फाडून त्यांनी भिकुबाईंच्या नाकाशी धरला.

"हुंगा अक्का. मासाले विलायचीना वास येस का?"

भिकुबाईंनी हुंगलं. तुकडा मोडला. मग पुन्हा ताटावर बसल्या आणि तूप मागितलं.

साहेबानं खूण केली, पुन्हा वाजवा! आणि कुंदाबाईंसारखा दोन्ही हातांवर मांडा पसरून तो असा नाचला, की वाजवता वाजवता नानांचेच डोळे भरून आले.

आठवड्यानं आबांचा फोन. "नाना, धाकट्या लीलाधरना लगननी सुपारी तुम्हालेच."

नाना फुलले. "कोणतं गाणं बसवू, आबा?"

"कोणतंबी बसवा! फक्त माईक अमळनेरलेच ठेवा."