सातारा ते उंब्रज, पाने चार

"साताऱ्याहून एसटीत बसलेल्या माणसाची गोष्ट उंब्रज यायच्या आत संपली पाहिजे," दिवाळी अंकाचे संपादक गोष्ट घेऊन आलेल्या सुमंत सरांना म्हणाले. "घरोघरी केबल आलीय. तीस पानं कोण वाचतंय? उद्या सकाळी छोटी करून आणा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

सर सहा वर्षं 'पुढच्या वर्षी' ऐकत होते. त्यांनी घरी येऊन सव्वीस पानं कापली. छापून यायची हौस फार वाईट. मग खात्री करायला चारची कराड गाडी धरली. कंडक्टर आकारामला वाचनाचा नाद. तिकिटं फाडून झाल्यावर सरांनी पानं त्याच्या हातात ठेवली आणि स्वतः घड्याळ बघत बसले.

नागठाणं गेलं तरी आकारामची मान वर नाही. "आवं कंडक्टर, माजा फाटा आला, बेल मारा," अंड्यांची पाटी घेतलेल्या शालूबाई दोनदा ओरडल्या. बेल वाजली नाही, म्हणून ड्रायव्हर जोतिबा थांबला नाही. शालूबाई पाटीसकट पुढं निघाल्या. सरांना धन्य वाटलं.

"संपली का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"तीनदा संपली, सर. पर म्हातारा दुसऱ्या पानावर मेला न्हवं? मग चौथ्या पानावर च्या कोण पितंय?"

सरांचा चेहरा उतरला. "तो मेला नव्हता रे. ते अकराव्या पानावर कळायचं. ते मी कापलं."

"मंजी जित्ता माणूस मारलासा व्हय?" शालूबाई म्हणाल्या. "त्याच्यापायी माजा फाटा गेला. आता सांगा त्याचं काय झालं त्ये."

सर सांगू लागले. मागच्या सीटवरची माणसं पुढं सरकली. उंब्रजला आकाराम म्हणाला, "उतरा मावशी, माघारी जायची गाडी उभी हाय."

"थांब रं. त्याला च्या तर पिऊ दे."

कराड आलं तेव्हा गोष्ट सतराव्या पानावर होती.

दुसऱ्या दिवशी संपादकांच्या टेबलावर एकतीस पानं पडली. "अहो सर, ही वाढली की!"

"म्हाताऱ्याच्या चहात आलं घातलेलं नव्हतं. शालूबाईंना ते पटेना."

संपादकांनी कपाळाला हात लावला आणि नुसतं चाळायचं म्हणून पहिलं पान उचललं. ते सातव्या पानावर असताना फोन वाजला. वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"फोन वाजतोय," सर म्हणाले.

"वाजू द्या हो," संपादक मान वर न करता म्हणाले. "म्हातारा खरंच मेला का, तेवढं सांगा."