ओपल नुसती भुंकते

सकाळी कोरिननं खिडकीतून पाहिलं, तर बाळाच्या झोपाळ्याखालची जमीन नांगरल्यासारखी उलथीपालथी झालेली. रानडुकरं! पार अंगणात! तिनं दाराची कडी लावली, मग लागलीय ना ते पाहिलं, मग बाळ पाळण्यातच आहे ना ते पाहिलं, आणि मग पुन्हा कडी.

तेवढ्यात तिच्या सासऱ्यांचा, हॉलिस यांचा, पिकअप फाटकात शिरला. मागच्या पिंजऱ्यातून त्यांनी एक कुत्रा उतरवला. रुंद छाती, फाटका कान, तोंडातून चकार शब्द नाही.

"हा डीझेल," ते म्हणाले. "भुंकाबिंकायच्या भानगडीत पडत नाही, थेट डुकराचा कान धरतो. आज यानं डुक्कर धरलं की तुझी ती म्हातारी कुत्री ओपल चालली पेंडवाल्याच्या दुकानात राखणीला. नुसती भुंकते मेली!"

ओपलला कोरिननं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ओपलच्या दोन मुली, बिस्किट आणि पेपर, आईच्याच हाताखाली तयार झालेल्या. तिघी डुकरापासून चार हात लांब उभ्या राहायच्या आणि तोंडावर भुंकभुंकून त्याला जागीच खिळवायच्या. मग कोरिनच्या नवऱ्यानं, क्लेटननं, मागून जाऊन पाय बांधायचे.

"डॅडी, याला पट्ट्यावर धरा," कोरिन म्हणाली. "आधी तिघी डुक्कर जागीच उभं करतील, क्लेटन हाक देईल, मग सोडा. त्या लांबून काम करणाऱ्या, हा अंगावर जाणारा. एकदम सोडलात तर सगळंच फिसकटेल."

"हे कॉलेजात शिकवतात होय?"

"नाही. ओपलनं शिकवलं."

"ऐकलंस, क्लेटन? तुझ्या बायकोनं कुत्रीकडे शिकवणी लावलीय!"

क्लेटन दोरी हातात घेऊन बुटांच्या नाड्या बघत राहिला. वडिलांसमोर गेली बत्तीस वर्षं तो नाड्याच बघत आला होता.

तिघी कुत्र्या आणि क्लेटन ओढ्याकाठच्या झाडीत शिरले. हॉलिस डीझेलला घेऊन झाडीच्या तोंडाशी थांबले, दुखऱ्या गुडघ्यांमुळे. कोरिन ओसरीवर, दाराला पाठ लावून. थोड्या वेळानं ओपलचा आवाज आला. संथ, एका लयीत. डुक्कर उभं राहिलं होतं. आता फक्त दोन मिनिटं कळ काढायची.

हॉलिसनी पट्टा सोडला.

"डॅडी!" कोरिन ओरडली, पण डीझेल केव्हाच आत गेला होता. त्यानं जाऊन कान धरला. कुणी मध्ये घुसलं की जागा द्यायची, या शिस्तीनं तिघी मागे सरल्या. रिंगण फुटलं. डुकरानं एका झटक्यात डीझेलला काटेरी झुडपात भिरकावलं आणि मोकळ्या वाटेनं सरळ घराकडे धूम ठोकली.

वाटेत वाळत घातलेले कपडे होते. गुलाबी फुलांची चादर पांघरून ते प्रचंड धूड आपल्यावरच चालून येतंय, हे पाहिल्यावर हॉलिस गुडघे विसरले. पुढच्या क्षणी ते कोंबड्यांच्या खुराड्याच्या पत्र्यावर होते.

डुक्कर खुराड्याच्या भिंतीला पाठ लावून थांबलं. तिघींनी त्याला गाठलं, चार हात अंतरावर उभ्या राहिल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. डीझेल लंगडत ओसरीशी आला. कोरिननं त्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरला.

क्लेटन धापा टाकत पोचला. डुकराच्या मागे भिंत. पाय बांधायला वाट नव्हती. कुणीतरी कान धरल्याशिवाय ते हलणार नव्हतं.

"सोड त्याला!" पत्र्यावरून हॉलिस गरजले.

"सोडते की. ओपल कुठं जाणार?"

"ही काय बोलायची वेळ आहे, पोरी?"

"याच्याहून चांगली मला मिळायची नाही, डॅडी. ओपल तासभर भुंकेल. पत्रा किती टिकेल ते तुम्ही बघा."

पत्रा करकरला. खाली चादरीतून दोन सुळे बाहेर आले.

"ऱ्हाऊ दे! इथंच ऱ्हाऊ दे तुझी ओपल!"

"आणि यापुढं कुठला कुत्रा कधी सोडायचा?"

"तू सांगशील तेव्हा! झालं समाधान?"

कोरिननं पट्ट्याचा एक वेढा सोडला. दुसरा सोडणार, इतक्यात क्लेटननं तिच्या हातावर हात ठेवला. तो नाड्यांकडे बघत नव्हता.

"एक मिनिट थांब," तो म्हणाला आणि खुराड्याकडे वळला. "डॅडी, विषय निघालाच आहे तर... दर रविवारी जेवायला येता, ते आधी फोन करून येत जाल का?"