डबक्यावरचा बगळा आणि भाऊजींचा नंबर

चष्मेवाल्याचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि तेही एका बगळ्यापायी. दुकानाच्या मागच्या खिडकीतून डबकं दिसायचं. तिथे पाणकणसांच्या कडेला तो रोज चिखलात बसलेला असे. आखडलेली मान, तपकिरी अंग, छातीवर फिकट रेघा, बकध्यान लावलेलं. ढोकरी ती, भुरा बगळा, शेंबडं पोरही सांगेल! पण दुकानाच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे भाऊजी, म्हणजे त्याच्या ताईचा नवरा, सगळ्या गल्लीत सांगत सुटले होते की डबक्यावर पांढराशुभ्र गायबगळा येतो.

"गायबगळा गुरांमागे फिरतो, भाऊजी! इथे गाय कुठाय? तुमच्या गॅलरीत बांधलीय?"

"गायीचं मला विचारू नकोस. गॅलरीचं दार उघडलं की समोर पांढरं पाखरू असतं. पांढरं म्हणजे पांढरं!"

ते दार फुगलेलं होतं. खांदा लावल्याशिवाय उघडत नसे, आणि उघडलं की धाडकन भिंतीवर आपटे. त्या आवाजाने बगळ्याचं काय होत असेल, याचा विचार दोघांपैकी कुणीच केला नाही. रागावलेली माणसं विचार करतात कुठे?

एवढ्यावर भागलंही असतं. पण एकदा भरल्या दुकानात भाऊजी म्हणाले, "याला तपकिरी आणि पांढऱ्यातला फरक कळेना, आणि हा लोकांचे डोळे तपासतो!" फ्रेम निवडत बसलेल्या मास्तरीणबाईंनी फ्रेम हळूच खाली ठेवली, "पुन्हा येते" म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुन्हा येते म्हणणारं गिऱ्हाईक पुन्हा येत नसतं. बापाच्या वेळेपासूनचं दुकान, आणि ते एका पाखरापायी बुडणार! चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बसा खुर्चीत. नंबर वाढलाय तुमचा!"

भाऊजींनी तक्त्यावरची अक्षरं घडाघडा वाचली, अगदी खालची बारीक ओळसुद्धा.

"पाठ केलीत!" चष्मेवाला ओरडला, आणि रागाच्या भरात त्याने नंबर चांगला दणकून वाढवला. जुना चष्मा ड्रॉवरमध्ये गेला.

नवा चष्मा लावून भाऊजी दुसऱ्याच मजल्यावरच्या घरात शिरले आणि तिथल्या बाईंना "वाढ लवकर" म्हणाले. मग जिन्यात नसलेल्या पायरीवर पाय टाकून तो मुरगळून घेतला. बिचाऱ्यांना वाटलं, गेले आपले डोळे.

ताई मात्र लंगडत्या नवऱ्याला धरून तडक दुकानात आली.

"बाळ्या, काय केलंस रे यांच्या डोळ्यांचं? हे परत पडले ना, तर तुझ्या दारात उभी राहून एकेक गिऱ्हाईक परत पाठवीन!"

"आधी तो पक्षी बघ, मग बोल!"

तिघं मागच्या दाराने डबक्यावर गेली. बगळा चिखलात असा मिसळून गेला होता की ताईला काही दिसेना.

"कुठाय?"

"हा काय! हा!" चष्मेवाल्याने पायातली चप्पल काढून भिरकावली. चप्पल चिखलात रुतली आणि बगळा उडाला. घडीची चादर झटकावी तसे त्याचे पंख उघडले, आणि ते पांढरेशुभ्र होते. पंख, शेपूट, सगळं पांढरं.

चष्मेवाल्याने आ वासला. ताईने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

तेवढ्यात भाऊजी डोळे किलकिले करत म्हणाले, "तुझंच खरं रे, बाळ्या. मला तर सगळं तपकिरीच दिसतंय. उद्या गल्लीत सांगतो, तुझ्यासारखी नजर कुणाची नाही."

दुकान वाचलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. पण स्वच्छ दिसलेली गोष्ट गिळायची त्याला सवय नव्हती, आणि त्याचा राग अजून उतरला नव्हता.

"पांढरा होता!" तो किंचाळला. "डोळे फुटले का तुमचे? पांढराफेक! आत्ता समोरून उडाला!"

"तपकिरी," भाऊजी शांतपणे म्हणाले. "तूच तर सांगितलंस."

एका चपलेवर फटफटत चष्मेवाला दुकानात धावला आणि जुना चष्मा आणून त्याने भाऊजींच्या नाकावर चढवला. "हा घ्या तुमचा खरा नंबर! रागात वाढवला होता मी, कबूल! आता बघा!"

भाऊजींनी नीट पाहिलं. एव्हाना बगळा पलीकडच्या काठावर उतरून, पंख मिटून, पुन्हा ध्यानाला बसला होता.

"वा! किती स्वच्छ दिसतोय," भाऊजी म्हणाले. "तपकिरीच की रे!"

चष्मेवाल्याने दुसरी चप्पल काढली. ती ताईने त्याच्या हातून हिसकावून घेतली, पण बगळ्यासाठी नव्हे.